गळलेल्या अकरा ऋचा

छापखान्यात तिला सगळे ताई म्हणत आणि घरी सासरे सूनबाई म्हणत. काम दोन्हीकडे एकच होतं. दुसऱ्याची चूक धरायची आणि आपण धरली याचा गवगवा करायचा नाही.

छापखाना औषधांच्या चिठ्ठ्या छापायचा. औषधाच्या खोक्यात आठ घड्या घालून कोंबलेला, मुंगीएवढ्या अक्षरांचा जो कागद कोणीही उघडून वाचत नाही, तो ती सव्वीस वर्षं वाचत आली होती. ओळीखाली पोलादी पट्टी धरायची, पट्टी एकेक ओळ खाली सरकवायची आणि अर्थाकडे अजिबात लक्ष द्यायचं नाही. अर्थाकडे लक्ष गेलं की डोळा पुढं पळतो आणि कागदावर जे नाही तेही त्याला दिसायला लागतं, हे तिला पहिल्याच वर्षी कळलं होतं. तिच्या हातून सुटलेली चूक शोधायला छापखान्यात कोणी जात नसे. वेळ फुकट जायचा.

घरी आबा होते. तिचे सासरे. वयाच्या आठव्या वर्षी त्यांना गुरूंकडे नेऊन सोडलं, ते विसाव्या वर्षी बाहेर आले तेव्हा त्यांच्या तोंडात वेदाचे चौसष्ट अध्याय होते. सगळे पाठ, स्वरांसकट. कुठला स्वर वर न्यायचा, कुठला खाली टेकवायचा, हेसुद्धा अक्षरागणिक ठरलेलं. पुढं ते क्रम शिकले. क्रम म्हणजे पहिला शब्द दुसऱ्याला जोडून म्हणायचा, मग दुसरा तिसऱ्याला, तिसरा चौथ्याला. असं म्हटलं की मधला एकही शब्द निसटत नाही, कारण त्याचे दोन्ही हात कोणीतरी धरलेले असतात. ऋचेचा अर्धा भाग संपला की मात्र हात सुटतात आणि पुढचं पाठकाला स्वतःच्या हिमतीवर उचलावं लागतं.

आबांचा मुलगा, म्हणजे तिचा नवरा, लिफ्ट दुरुस्त करायचा. तो म्हणायचा, "आबा दोन पावलं पुढं जातात, एक मागं येतात, परत दोन पुढं. माझी लिफ्ट अशी चालली तर लोक मला जिन्यावरून ढकलून देतील." अकराव्या वर्षी तो वडिलांपुढून उठून पळाला होता, असं घरात सांगत. पुन्हा त्या आसनावर तो बसला नाही.

आबा चौतीस वर्षं एका जोडीदाराबरोबर म्हणायचे. दोघं गुडघ्याला गुडघा लावून बसत. एक अडखळला की दुसरा धरून ठेवी. जोडीदार गेला आणि आबा एकटे पडले. एकट्यानं म्हणण्यात काय धोका असतो ते बाहेरच्याला कळत नाही. चूक करणाऱ्याला स्वतःची चूक ऐकू येत नाही. ती त्याला बरोबरच वाटते, नाहीतर त्यानं केलीच नसती.

महिनाभरानं एका सकाळी ती ओटा पुसता पुसता म्हणाली, "आबा, परवा हेच म्हणालात तेव्हा इथं वेगळा शब्द होता."

आबा थांबले. "काय वेगळा?"

"शब्द मला सांगता येणार नाही. पण शेवट लांब होता. आज आखूड केलात."

आबांनी डोळे मिटून पुन्हा म्हटलं, मध्येच थांबले, आणि शेवट लांब केला. मग तिच्या हातातल्या फडक्याकडे बघत राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी कपाटातून छापील पोथी काढली आणि तिच्यासमोर ठेवली. "ही तुझ्यासाठी. मला तिची गरज नाही आणि तिला माझी. सकाळी सहा ते सव्वासात बसशील?"

"सातला पाणी जातं, आबा."

"मग पावणेसहाला बस."

तेव्हापासून नऊ वर्षं ती बसत होती. पोथी मांडीवर, ओळीखाली छापखान्यातली जुनी पट्टी. चूक झाली की बोटाच्या पेरानं टेबलावर एकदा ठोकायचं, बोलायचं नाही. पाठकाला तरीही आठवलं नाही तर एकच शब्द द्यायचा, त्याच्यापुढं नाही. अर्थ तिला कळत नव्हता आणि तिनं कधी विचारलाही नाही. संपलं की आबा विचारत, "किती?" ती म्हणायची, "दोन." किंवा "एक." एखाद्या दिवशी, "एकही नाही." मग आबा उठायचे आणि इतक्या तोऱ्यात अंघोळीला जायचे की नवरा म्हणे, "आज पेपर सोपा होता वाटतं."

नऊ वर्षांत सासू-सासऱ्यांनी सुनेबद्दल बोलायच्या असतात त्या बहुतेक गोष्टी आबांनी कधी बोलल्या नाहीत. चहात साखर जास्त, पंखा मोठा, माहेरचा फोन लांबला, यातलं काही नाही. पण कौतुकही नाही. चूक पकडण्याचं कौतुक काय करायचं. तिच्या छापखान्यातही कोणी करत नसे.

आबा एकोणऐंशीचे झाले तेव्हा एका ध्वनिसंग्रहाचा माणूस आला. पन्नाशीचा, गुडघ्यात त्रास असलेला, गळ्यात कायम हेडफोन अडकवलेला. घरात त्याचं नाव लगेच हेडफोनवाले पडलं. त्याचं म्हणणं असं की आबा ज्या धाटणीनं म्हणतात ती धाटणी म्हणणारं आता दुसरं कोणी त्याला सापडलेलं नाही. सगळे चौसष्ट अध्याय क्रमानं रेकॉर्ड करून ठेवायचे. रविवार सोडून रोज एक. पुढं कोणाला शिकायचं झालं तर त्यानं या आवाजावरून शिकावं.

आबांनी दोन दिवस विचार केला आणि हो म्हणाले. तिला फक्त इतकंच म्हणाले, "आता ठोकशील तेही त्यात येईल. हळू ठोक."

मग घराची पार कळाच बदलली. आबांच्या खोलीच्या खिडक्यांना गाद्या लागल्या. फ्रिज घरघरतो म्हणून सकाळी तो बंद ठेवायचा. दोनदा दूध नासलं आणि तिनं शब्द काढला नाही. वरच्या मजल्यावरच्या बाई पहाटे खुर्ची ओढायच्या. नवरा जाऊन त्यांच्या सगळ्या खुर्च्यांच्या पायांना नमद्याचे मऊ तुकडे चिकटवून आला. "तुमचे वडील काय बोलतात हो एवढं?" असं त्यांनी विचारलं तेव्हा हा म्हणाला, "ते बोलत नाहीत, बाई. ते जपून नेतात." घरी येऊन त्यानंच ते सांगितलं आणि वर आपल्याच वाक्याला हसला.

चाळीस अध्याय झाले. चाळीस दिवसांत सहा चुका, सगळ्या ठोकताक्षणी दुरुस्त. आबांचा चेहरा उजळला होता. हेडफोनवाले म्हणायचे, "गुरुजी, अशा वयात..." आणि आबा त्यांना तोडून म्हणायचे, "वय तुमच्या यंत्राला विचारा."

एकेचाळिसाव्या दिवशी, गुरुवारी, ते घडलं.

त्या अध्यायात एक ओळ दोनदा येते. एका सूक्ताच्या शेवटी येते, मग मध्ये दोन सूक्तं, आणि त्यातल्या दुसऱ्याच्या शेवटी तीच ओळ, अक्षर न अक्षर तीच. पाठकानं आपण कोणत्या ठिकाणी उभे आहोत ते पक्कं ठेवायचं असतं. आबांनी पहिल्यांदा ती ओळ म्हटली, श्वास घेतला आणि थेट त्यापुढचं सूक्त उचललं जे दुसऱ्या वेळच्या ओळीनंतर यायला हवं होतं. मधली दोन्ही सूक्तं गेली. अकरा ऋचा.

तिला ही चूक ओळखीची होती. छापखान्यात हिला ओळ गळणं म्हणतात. दोन ओळींचा शेवट सारखा असला की मजकूर जुळवणाऱ्याचा डोळा पहिलीवरून दुसरीवर उडी मारतो आणि मधला मजकूर खड्ड्यात जातो. मागचं-पुढचं सगळं शुद्ध, सगळं ऐटीत, आणि म्हणूनच ती चूक सगळ्यांत वाईट. ती दिसतच नाही.

तिनं हात उचलला. बोट टेबलाच्या वर आलं. आबांचे डोळे मिटलेले होते, मान किंचित डोलत होती, आवाज असा लागला होता की हेडफोनवाले कागद बाजूला ठेवून नुसते ऐकत होते. तिला वाटलं, आता वळतील. पुढच्या अर्ध्या ऋचेला त्यांच्या लक्षात येईल. ते वळले नाहीत. दोन ऋचा झाल्या, मग चार. आता ठोकलं तर आधी का नाही ठोकलं ते सांगावं लागलं असतं. बोट तसंच हवेत राहिलं आणि मग तिनं ते पदराच्या टोकाशी नेऊन ठेवलं, जणू पदरच सारखा करायचा होता.

"किती?" आबांनी विचारलं.

"एकही नाही," ती म्हणाली.

आबा तोऱ्यात उठले.

शुक्रवारी आणि शनिवारी ती पोथी घेऊन बसली खरी, पण पट्टी हातात जड लागत होती. आबा बेचाळिसावा म्हणत होते, त्रेचाळिसावा म्हणत होते, आणि ती एकेचाळिसाव्यातच अडकून पडली होती. ऐकणारं तर दुसरं कोणी नव्हतं. हेडफोनवाल्यांना आवाज कळायचा, मजकूर नाही. तिनं तोंड मिटून घेतलं असतं तर जगात कोणालाही पत्ता लागला नसता. आणि ज्या कोणाला पुढं शिकायचं झालं असतं, तो त्या अकरा ऋचांवाचूनच शिकला असता आणि मरेपर्यंत स्वतःला बरोबर समजला असता.

शनिवारी दुपारी एका खोकल्याच्या औषधाच्या चिठ्ठीत तिला गळलेली ओळ सापडली. जुळवणारा म्हणाला, "ताई, एका ओळीनं काय आभाळ कोसळतंय? कोण वाचतं हे?"

"तू वाचत नाहीस म्हणून गळली," ती इतक्या जोरात म्हणाली की यंत्रापाशी उभी असलेली माणसं वळून बघायला लागली. जुळवणारा हिरमुसला होऊन गेला. ती बराच वेळ पट्टी पुसत बसली.

रविवारी ती आबांच्या उशीचा अभ्रा बदलत होती. आबा खुर्चीत बसून आठवड्याच्या गोळ्या डबीच्या खणांत टाकत होते.

"आबा, गुरुवारी चूक झाली होती."

"गुरुवारी एकही नव्हती. मी विचारलं होतं."

"होती. मी सांगितली नाही."

आबांनी हातातली गोळी खणात टाकली. "कुठं?"

"ती ओळ दोनदा येते ना, तिथं. तुम्ही पहिलीवरून दुसरीवर गेलात. मधली दोन सूक्तं राहिली."

आबा हसले. नऊ वर्षांत ते तिच्यावर असे हसले नव्हते. "पोथीत काय, कोणी काहीही छापतं. तू स्वतः छापखान्यात आहेस, तुला मी सांगायला नको. आमच्या गुरूंकडे तिथं असंच म्हणत."

"मी पोथीवरून सांगत नाही. गेल्या वर्षी तुम्हीच म्हटली होतीत ती दोन सूक्तं. त्याच्या आदल्या वर्षीही. पहिल्यातल्या तिसऱ्या ऋचेला तुम्हाला दरवेळी ठसका लागतो. गुरुवारी लागला नाही."

आबांचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं, फक्त आतून विझलं. त्यांनी डोळे मिटले. उजव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकायला लागला. मनातल्या मनात म्हणताना ते असंच मोजत. अंगठा भराभर चालला, मग एका पेरावर थांबला, मग पुन्हा चालू लागला, त्याच वेगानं, बिनचूक. ती बघत होती. ते मोजणं तिच्या ओळखीचं होतं आणि तिला दिसलं की तो पुन्हा उडी मारून गेला. आबांना ते कळायला आणखी थोडा वेळ लागला. ते मागं आले. पुन्हा अंगठा, पुन्हा ते पेर. तीनदा.

अभ्र्याचं एक टोक अजून तिच्या हातात होतं.

"ठोकलं का नाहीस?" डोळे न उघडता त्यांनी विचारलं.

"वाटलं, तुम्हीच वळाल."

"नाही वळलो तेव्हा?"

"तेव्हा उशीर झाला होता."

"सव्वा तासाचा अध्याय. उशीर कसला?" त्यांनी डोळे उघडले. "दया आली."

तिनं अभ्र्याचं ते टोक उशीखाली खोचलं.

"चौतीस वर्षं तो माझ्यासमोर बसला," आबा म्हणाले. जोडीदाराचं ते क्वचितच बोलत. "माझी बायको गेली त्या आठवड्यातही बसला, आणि मी अडखळलो तेव्हा त्यानं माझ्या गुडघ्यावर अशी थाप मारली की आठ दिवस निळं राहिलं होतं. त्यानं एकदाही दया केली नाही. म्हणून मला झोप लागायची." ते थांबले. "चुकणारा चुकतो, सूनबाई. ऐकणाऱ्यानं सोडून दिलं की मग ती चूक राहत नाही, तोच पाठ होतो. माझी एका दिवसाची. तुझी तीन दिवसांची झाली."

तिला ते झोंबलं. डोळ्यांत पाणी येईल असं वाटलं, पण आलं नाही. उलट तीन दिवसांत पहिल्यांदा श्वास पुरता खाली गेला. आयुष्यात कोणी तिला इतक्या बरोबरीनं रागावलं नव्हतं.

सोमवारी आबांनी हेडफोनवाल्यांना सांगितलं की एकेचाळिसावा पहिल्यापासून घ्यायचा.

"कशाला, गुरुजी? राहिलेला तुकडा तेवढा म्हणा. मी जोडून देतो. कळणारसुद्धा नाही."

"कळणार नाही, म्हणूनच नको."

आबांनी पहिल्यापासून सुरू केलं. अर्ध्या तासानं ती ओळ आली. श्वास घेतला, आणि पाय पुन्हा त्याच वाटेला वळले. तिनं ठोकलं. आबा थांबले, ओळीवर मागं आले, धाव घेतल्यासारखं पुन्हा म्हणाले. पुन्हा तेच. तिनं ठोकलं. तिसऱ्यांदा तिनं एक शब्द दिला, नियमाप्रमाणं, सूक्ताचा पहिला. आबांनी तो घेतला, त्याला दुसरा जोडला, दुसऱ्याला तिसरा, आणि मग समोर नुसती भिंत असल्यासारखे गप्प झाले. चेहऱ्यावर भीती नव्हती. रोजच्या खिशात हात घालावा आणि शिवण उसवलेली लागावी, तसं काहीतरी होतं.



"गुरुजी," हेडफोनवाले हळू म्हणाले, "वहिनी एकेक शब्द देत जातील, तुम्ही मागून म्हणा. आवाज तुमचाच राहील."

"आवाज माझा राहील. येत मात्र तिला असेल. आणि तुमचं यंत्र म्हणेल, मला येतं." आबांनी पाण्याचा घोट घेतला. "चालू आहे ना ते?"

"चालू आहे."

आबा नीट बसले. ऋचा म्हणायला बसत तसेच, पाठ ताठ करून. आणि साध्या बोलीत, जसं दुकानदाराला सांगावं तसं, म्हणाले, "इथून पुढच्या अकरा ऋचा माझ्याकडे होत्या. आता नाहीत. त्या कोणीतरी ज्याच्याकडे असतील त्याच्याकडून घ्याव्यात. माझ्यावर विसंबू नये."

मग त्यांनी त्या अकरांपुढचं सूक्त घेतलं आणि अध्याय शेवटापर्यंत नेला. संपल्यावर किती म्हणून विचारलं नाही. तोरा नाही, अंघोळ नाही. खोलीतच बसून राहिले.

संध्याकाळी नवऱ्याला कळलं. तो हातातली अवजारांची पिशवी खाली न ठेवताच बोलायला लागला.

"सांगितलंस कशाला? वीस-बावीस दिवस उरले होते. चौसष्ट झाले असते, माणूस सुखानं बसला असता."

"ते खोटं राहिलं असतं."

"कोणाला कळणार होतं?"

"मला."

"तू काय एवढी लागून गेलीस? पोथी धरून बसतेस म्हणून? या पठणाचं आपलं हे शेवटचं घर आहे. त्यांच्यानंतर कोणी नाही. त्यांना निदान पुरं झाल्यासारखं वाटू द्यायचं."

तिच्याकडे ठेवणीतलं उत्तर होतं आणि तिनं ते काढलं. "कोणी नाही, ते कोणामुळं? पळून तुम्ही गेलात. मी परक्या घरातून येऊन बसले."

तो खुर्चीवर बसला. पिशवी मांडीवर. पिशवीच्या चेनशी चाळा करत राहिला.

"पळालो नव्हतो," तो म्हणाला. "माझ्या लक्षात राहत नव्हतं. सकाळी पाठ व्हायचं, संध्याकाळी पाटी कोरी. तीन वर्षं. आबांनी तीन वर्षं एकच अध्याय शिकवला मला. कधी हात उगारला नाही. मग एक दिवस म्हणाले, उद्यापासून नुसती शाळा. आणि लोकांना सांगायला लागले, पळून गेला, खोडकर आहे. पोरगं मंद आहे असं कोणी म्हणू नये म्हणून."

ती उभीच होती. इतकी वर्षं तिनं आणि सगळ्या नातेवाइकांनी त्या पळण्याची थट्टा केली होती आणि त्यानंही त्यांच्याबरोबर हसून घेतलं होतं.

"मला कधी बोलला नाहीत."

"त्यांनी झाकलेलं, मी कसं उघडं करू?" तो उठला. "जेवायला वाढ. आबांना मी बोलावतो."

पुढचे सगळे अध्याय आबांनी म्हटले. त्यात नऊ चुका झाल्या आणि तिनं नऊच्या नऊ ठोकल्या. चौसष्टावा संपला त्या दिवशी हेडफोनवाल्यांनी वायरी गुंडाळल्या, खिडक्यांच्या गाद्या खाली उतरल्या आणि खोलीत एकदम उजेड आला. जाताना ते आबांच्या पाया पडले आणि तिला म्हणाले, "वहिनी, असा राहिलेला भाग बोलून दाखवलेलं रेकॉर्डिंग माझ्याकडे दुसरं नाही." ती स्तुती होती की तक्रार, तिला कळलं नाही.

त्यानंतर आठ दिवस आबा पावणेसहाला उठले नाहीत. ती उठायची, सवयीनं. फ्रिज घरघरत असायचा. नवव्या दिवशी ती ओट्यापाशी भाजी चिरत होती तेव्हा आबा स्वयंपाकघरात आले. धुतलेले कपडे, ओले केस. स्टूल ओढून ते बसले आणि हात मांडीवर जोडून ठेवले.

"संथा दे," म्हणाले.

तिला आधी वाटलं, काही वेगळंच मागताहेत. "काय देऊ?"

"संथा. तू एकदा म्हणायचं, मी दोनदा. आम्ही आठव्या वर्षी असंच शिकलो. त्या अकरा ऋचा मला परत पाठ करायच्या आहेत."

"आबा, मला म्हणता येत नाही. मी नुसती ऐकते."

"नऊ वर्षं चुकीच्या जागी कधी ठोकलं नाहीस. ज्याला येत नाही त्याला चूक कळत नाही." मग आवाज उतरवून, "दुसऱ्या कोणाकडे जाऊ मी या वयात? कोण आहे?"

तिनं सुरी खाली ठेवली. हात पुसले. पोथी आणायला वळली, तर आबा म्हणाले, "नको. तिच्यातून घेतलेलं मला राहणार नाही. तोंडून दे."

तिनं इतकी वर्षं यातला सुटा शब्द सोडून काही मोठ्यानं म्हटलं नव्हतं. स्वतःचा आवाज कसा निघेल याची तिला धास्ती होती. पहिली ओळ तिनं घसा न खाकरता, हळू, जवळजवळ भांड्यांना ऐकवल्यासारखी म्हटली. स्वर आपोआप आबांच्याच जागी गेले, वर जिथं वर, खाली जिथं खाली. आबांनी मान हलवली नाही, शाबासही म्हटलं नाही. तिच्याकडे बघून दोनदा म्हटली. शिकायला बसलेल्या माणसासारखी, शेवटच्या अक्षरापर्यंत तोंड उघडं ठेवून.

न्हाणीघरात नवरा दाढी करत होता. त्यानं नळ बंद केला. पुढं रोज त्या वेळी तो नळ बंद असायचा.

पहिल्या आठवड्यात तीन ऋचा झाल्या. सकाळी व्हायच्या, संध्याकाळी विचारल्या की एकही नसायची. आबा चिडले नाहीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिलीपासून. "काल कुठं होतो?" असं विचारायचे, आणि ती खरं सांगायची, "तिसरीपर्यंत होतो. आज पहिलीच आहे." तिनं कधी अर्धी ऋचाही वाढवून सांगितली नाही. एकदा नवरा जेवताना म्हणाला, "आबा, सकाळी पाठ, संध्याकाळी कोरं. जाऊ द्या आता." आबांनी त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "तू तीन वर्षं बसला होतास. माझा तर अजून महिना झाला नाही."

त्यानं मान खाली घालून पाणी प्यायलं.

दोन महिन्यांनी एके सकाळी ती एकेक देत होती आणि आबा दोनदा म्हणत होते. सातवीला ते थांबले. तिनं पुन्हा दिली. ते ओठ हलवत राहिले, आवाज आला नाही. तिनं आठवी दिली नाही, कारण सातवी परत आली नव्हती. थांबली. आबांनी हातानं खूण केली, पुढं. ती आठवी म्हणाली आणि थांबली. पुन्हा खूण, पुढं. नववी. दहावी. शेवटी ती एकटीच म्हणत होती, हात ओल्या भाजीवर, डोळे समोरच्या टाइलवर, आणि अकरावीच्या शेवटची ती ओळ आली तेव्हा तिच्या लक्षात आलं की मध्ये कोणी आपल्याला धरलेलं नव्हतं.

आबा स्टुलावर डोळे मिटून बसले होते. शब्द त्यांच्याकडे राहिले नव्हते, हे आता दोघांनाही माहीत होतं.

"नववीचा शेवट," ते म्हणाले. "स्वर उचललास. तो खाली टेकायचा आहे. माझा कधी उचललेला ऐकलास?"

"नाही."

"मग?"

"चुकलं."

"पुन्हा म्हण. पहिलीपासून."

तिनं घड्याळ बघितलं. सातची बस गेली होती, साडेसातचीही जाणार होती. छापखान्यात आज चिठ्ठ्यांचा ढीग पडला होता. तिनं गॅस बारीक केला आणि पहिलीपासून सुरू केलं.